हँडल आणि कासरा

मला खुंटी समजू नका. भिंतीतून लोखंड बाहेर आलेलं दिसलं की माणसाला त्यावर काहीतरी लटकवावंसं वाटतंच, त्याला माझा इलाज नाही. पण मी ट्रकचं हँडल आहे. आताच्या गाड्या किल्ली फिरवली की सुरू होतात. आमच्या वेळी पुढच्या बंपरच्या भोकातून मला आत घालायचं, दात इंजिनात अडकवायचे आणि अंगात असेल तेवढा जोर लावून फिरवायचं. मी फिरल्याशिवाय ट्रक जागचा हलत नसे. ऐट होती तेव्हा माझी.

माझा जन्म अकोल्याचा. ताजनापेठेजवळच्या एका लोहारानं बंडीच्या मोडक्या आंसाचा तुकडा भट्टीत घातला, ठोकठोक ठोकून बारीक केला, दोन ठिकाणी वाकवला आणि मी झालो. बंडी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली बैलगाडी. म्हणजे माझं मूळ बैलांचंच. पुढे जे झालं ते आठवलं की हे मूळ मला राहूनराहून आठवतं.

मला घडवून घेतलं ते खुशालराव ड्रायव्हरांनी. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेला एक पेट्रोलचा ट्रक अमरावतीच्या एका शेठजींनी घेतला होता, तो खुशालराव चालवायचे. स्टँडवर सगळे त्यांना उस्ताद म्हणत. माणूस तोंडाचा तिखट, पण गाडीला जीव लावणारा. सीझनमध्ये रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी, एरवी सरकीची पोती, कधी परतवाड्याहून लाकडं. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला आणि परत. रस्त्याकडेच्या प्रत्येक बाभळीची सावली माझ्या ओळखीची होती.

सहदेव आमच्याकडे आला तो तिशीतला, लग्न झालेला बाप्या. बडनेऱ्याजवळच्या खेड्यातला. त्याची स्वतःची बंडी होती आणि चांद्या-बांड्या नावाची बैलजोडी. कापसाच्या जिनिंगमधून बडनेरा स्टेशनवर गाठी वाहायचं काम तो करायचा. तेच काम आमच्या ट्रकनं खाल्लं. बंडीच्या दिवसभराच्या खेपा आम्ही सकाळच्या चहाआधी टाकून यायचो. सहदेव रस्त्याच्या कडेला बंडी दाबून उभा राहायचा, आम्ही पुढे गेलो की धुळीत तोंड पुसायचा. एक दिवस त्यानं ठरवलं, ज्यानं पोट मारलं तेच शिकायचं.

तेव्हा ड्रायव्हरकीची शाळा नव्हती. उस्ताद हीच शाळा, आणि तो भेटणं सोपं नव्हतं. राजापेठेपासून कापूस बाजारापर्यंत जेवढे ट्रक उभे असत, तेवढ्या ड्रायव्हरांना तो विचारत फिरला. कुणी वय ऐकून हसलं. कुणी गाव विचारलं, मग गावात घर कोणत्या अंगाला ते विचारलं, आणि मग एकाएकी त्यांना क्लीनरची गरजच उरली नाही. सहदेवाचं घर बौद्ध झालेल्यांपैकी होतं. तो काही लपवत नसे.

खुशालरावांनी फक्त त्याचे हात पाहिले. तळवे उलटेपालटे करून म्हणाले, कासरा धरलेले हात दिसतात. मग अट सांगितली. पगार नाही, दोन वेळचं जेवण. गाडी धुवायची, हँडल मारायचं, माल चढवायचा. स्टिअरिंगला हात लावायचा तो उस्ताद म्हणेल तेव्हा. आणि परवान्याच्या परीक्षेला नेतील त्या दिवशी उस्तादाचा मान द्यायचा, रोख. सहदेवानं मान डोलावली. तेव्हा शिकणाऱ्यानं घासाघीस करायची पद्धत नव्हती.

पहिल्याच दिवशी त्यानं मला पकडलं आणि उस्ताद ओरडले. सहदेवानं मला कासऱ्यासारखं धरलं होतं, चार बोटं एका बाजूनं, अंगठा दुसऱ्या बाजूनं, घट्ट मुठीत. बैलांचा कासरा असाच धरतात. हाताला एक वेढा द्यायचा आणि वर अंगठा दाबायचा, म्हणजे जोडी बुजली तरी दोर सुटत नाही.

उस्तादांनी त्याचा अंगठा स्वतःच्या हातानं सोडवला. "हे बैल नाई. इंजन कधी कधी उलटं फिरते, मंग हँडल लाथ मारते. आंगठा बोटाईच्याच संगं ठेव. उलटलं तं हात सुटला पायजे."

सोपं वाटतं ना? पण जो हात पंधरा-वीस वर्षं न सुटायला शिकला, त्याला सुटायला शिकवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. कित्येक दिवस सहदेव मला हात घालण्याआधी तोंडानं पुटपुटायचा, आंगठा बाहेर, आंगठा बाहेर. स्टँडवरची पोरं त्याला चिडवायची. हळूहळू पुटपुटणं थांबलं आणि अंगठा आपोआप बाहेर राहायला लागला. मला त्याचा हात आवडायचा. दसऱ्याला उस्ताद गाडीची पूजा करायचे, माझ्याही कपाळी कुंकू लागायचं. सहदेव कुंकू लावत नसे, तो मला तेलाच्या फडक्यानं पुसायचा. खरं सांगतो, मला तेलच जास्त मानवायचं.

उस्तादांनी त्याला शिकवलं, पण हातचं राखून. परवाना मिळाला की फुकटचा क्लीनर जाणार, हे त्यांना कळत होतं. आधी रिकामी गाडी मागे घ्यायला दिली. मग मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता मोकळा असला की थोडा वेळ स्टिअरिंग. असं करता करता सीझनमागून सीझन गेले. घरी बैलांना त्याची बायको मनकर्णा सांभाळायची. स्वतः दुसऱ्यांच्या शेतात रोजानं निंदायला जायची आणि येताना डोक्यावर त्यांच्यासाठी चारा आणायची.

शेवटी एकदा अकोल्याहून येताना भरल्या गाडीचं स्टिअरिंग सहदेवाकडे देऊन उस्ताद शेजारी झोपी गेले. अमरावती आल्यावर डोळे चोळत म्हणाले, आता परीक्षेला चल. सहदेव उतरून माझ्याजवळ आला आणि बंपरला टेकून उभा राहिला.

आता उस्तादाचा मान द्यायचा होता, आणि घरात विकण्यासारखं एकच होतं.

चांद्या-बांड्यावरून नवरा-बायकोचं बोलणं झालं ते माझ्या समोर, स्टँडवर. ती भाकरी घेऊन आली होती. म्हणाली, "बैल आपले हायेत. इंजन शेठचं हाय. आपलं इकून दुसऱ्याचं काऊन शिकता?"

"बंडीले आता कोनी हाक मारत नाई, मनकर्णा. बैल तसेई उपाशी मरतीन. परवाना हातात असला तं मले कोनाच्याई दारात उभं राहता येते."

तिनं भाकरीचं रिकामं फडकं झटकलं. मग म्हणाली, बाजारात मीही येते, त्यांना एकट्यानं नेऊ नका.

बडनेऱ्याचा बैलबाजार आणि परीक्षा एकाच दिवशी आली. उस्तादांनी ट्रक बाजाराच्या बाहेर कडूनिंबाखाली आणून उभा केला. बैल विकायचे, मान द्यायचा आणि तिथूनच गाडीत बसून अमरावतीला परीक्षेच्या साहेबांपुढे जायचं. सकाळी सहदेव आला तो जोडी हाकतच, मनकर्णेला सोबत घेऊन. त्यानं त्या दोघांना शेवटचं हाकलं आणि फार सावकाश हाकलं. तुतारी, म्हणजे बैलांना टोचायची काठी, त्यानं घरीच ठेवली होती. नुसता कासरा होता, हाताला एक वेढा देऊन, वर अंगठा दाबून.

खामगावकडच्या एका शेतकऱ्यानं जोडी घेतली. आपल्याकडे बैल विकला तरी त्याचा दोर विकत नाहीत. घेणारा आपला दोर आणतो, विकणारा आपला घेऊन घरी जातो. लक्ष्मी दोराबरोबर जाऊ नये म्हणून. सहदेवानं कासरा सोडला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. बांड्यानं वळून त्याच्या खांद्याला नाक लावलं. मनकर्णा पाठ करून उभी राहिली. बैल गेले आणि सहदेव ट्रककडे चालत आला. खांद्यावर रिकामा कासरा, उजव्या हातात त्याचं टोक. चालतानाही त्याचा अंगठा त्या टोकावर दाबलेला मला दिसत होता.

त्यानं उस्तादांना मान दिला, पाया पडला. उस्ताद खूश होते. गाडीत चढत म्हणाले, लाव हँडल, साहेब वाट पाहत बसणार नाही.

सहदेव माझ्यापाशी वाकला. त्याचे डोळे बैल गेले त्या रस्त्याकडे होते. त्यानं मला पकडलं आणि माझ्या अंगाला कळलं. चार बोटं इकडून, अंगठा तिकडून. हा माझा हात नव्हता, चांद्या-बांड्याचा होता. लोखंडाला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. पण आम्हाला फिरवतील तसं आम्ही फिरतो, आणि इंजिन भिरकावेल तिकडे जातो.

इंजिन उलटलं.

आवाज छोटासाच झाला, वाळकी काटकी मोडावी तेवढा. सहदेव मातीत बसला आणि उजवा हात मांडीत धरून त्याच्याकडे पाहत राहिला. उस्ताद उडी मारून खाली आले. ओरडायला लागले. इतकी वर्षं सांगतो, इतकी वर्षं.

सहदेव खालच्या आवाजात म्हणाला, "मी कासरा धरला, उस्ताद."

खुशालरावांनी खिशातून आत्ताच घेतलेला मान काढला आणि मनकर्णेच्या हातात कोंबला. "पय, बाई. बैल लांब गेले नसतीन. जोडी वापस आन."

ती पळाली. पदर कमरेला खोचून, कासरा घेऊन पळाली. त्या उस्तादाबद्दल मी बरंवाईट पुष्कळ बोलू शकतो, पण ते पैसे त्यानं मागे दिले हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाजार उठत आला होता. खामगावकर ज्या वाटेनं गेला असेल असं वाटलं ती वाट ती तुडवून आली, पण तो दुसऱ्याच वाटेनं निघाला होता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती परतली. कासरा तसाच रिकामा होता. तोवर अमरावतीला साहेब परीक्षा आटोपून उठलेही असतील.

बैलांचे पैसे हात बसवण्यात आणि बसून खाण्यात गेले. हाड जुळलं, पण अंगठा काही वाकेना. तरी उस्तादांनी त्याला एकदा मोकळ्या मैदानात गाडीवर बसवलं, आणि त्या दिवशी हातचं काही राखलं नाही. सरळ रस्ता सहदेवानं झकास काढला. वळणावर स्टिअरिंग त्याच्या मुठीतून निसटलं. पुन्हा केलं, पुन्हा निसटलं. तो स्वतःच गाडी थांबवून खाली उतरला. मग काही वर्षं डाव्या हातानं मला फिरवत तो क्लीनर म्हणूनच राहिला, आता पगारावर. त्याच्या मागून आलेले ड्रायव्हर झाले.

पुढे ट्रक मोडीत निघाला. खुशालराव तोवर थकून गावी गेले होते. मोडवाला मला वजनात टाकणार होता, तेवढ्यात सहदेवानं मला मागून घेतलं. घरी आणून मातीच्या भिंतीत ठोकलं आणि माझ्यावर तो कासरा लटकवला. आता तो जिनिंगच्या फाटकावर राखणदार आहे. गाठी भरलेले ट्रक आत-बाहेर सोडतो.

आम्ही दोघं इथं एकमेकांच्या अंगावर आहोत, मी आणि कासरा. आमचं भांडण नाही. तुमच्याकडे एवढंच मागतो. कुणी मोठ्या वयाचा माणूस नवं काही शिकायला तुमच्या दारात आला, तर त्याच्या हातांना जुनं सोडायला थोडी सवड द्या. निदान ज्या दिवशी जुनं सुटलं, त्याच दिवशी नवं हातात देऊ नका.

संध्याकाळी फाटकावरून आला की सहदेव सदरा काढतो आणि माझ्यावर टाकतो. कधी कधी उगाच माझ्यावर हात ठेवून उभा राहतो. चार बोटं माझ्याभोवती वळतात. अंगठा वळत नाही, तो बाहेरच राहतो, उस्तादानं सांगितलं होतं तसा.