गोठलेली बाटली

आप्पांचं इन्सुलिन दर्शनाच्या फ्रिजमध्ये असे. आप्पा आणि गोदूबाई शेजारीच राहत, त्यांच्याकडे फ्रिज नव्हता. दर्शनाच्या नवऱ्याने, अनिलने, फ्रिज आणला तेव्हा दर्शना आपणहून म्हणाली होती, "काकू, बाटली आमच्याकडे ठेवा. काही काळजी करू नका." तेव्हापासून गोदूबाई रोज सकाळी येत, सुईत औषध भरून घेत आणि जात.

मे महिन्यात फ्रिज बिघडला. वर बर्फ साचायचा आणि खाली दूध नासायचं. दर्शनाने मागची जाळी झाडली, फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, बर्फ वितळवून पुन्हा चालू केला. शेवटी दारात कागद धरून दार लावलं, तर कागद अलगद निघून आला. दाराचं रबर सैल झालं होतं. "ह्या जुन्या मॉडेलचं रबर इथे नाही मिळायचं, चिपळुणात बघतो," दुरुस्तीवाला म्हणाला. तोवर तिने बटण शेवटच्या आकड्यावर नेलं आणि इन्सुलिनची बाटली दारातून काढून फ्रीझरला अगदी चिकटून ठेवली. तिथे तरी गार राहील, असं तिला वाटलं.

सकाळी बघते तर बाटली गोठून घट्ट झालेली. गोदूबाई यायची वेळ झाली होती. दर्शनाने बाटली मुठीत दाबून धरली, पदरात गुंडाळली. औषध वितळलं. हलवून पाहिलं, तर पहिल्यासारखंच दिसत होतं. सांगावं, असं मनात आलं. पण आळीतल्या बायकांसमोर ती ह्या फ्रिजचं इतकं कौतुक करायची, की तो बिघडलाय हे तोंडातून निघेना. गोदूबाई आल्या, सुई भरून घेऊन गेल्या.

पुढे आप्पांना सारखी तहान लागू लागली. पाय गळून गेले. रक्त तपासलं, तर साखर खूप वाढलेली. दर्शना भेटायला गेली तेव्हा गोदूबाईंचा आवाज अंगणापर्यंत येत होता.

"आंबे खाल्लेत ना चोरून? खरं सांगा!"

"नाही गो. तुझी शपथ."

"मग साखर वाढली कशी? औषध तर मी रोज देते." त्या दर्शनाकडे वळल्या. "बघ गो, ह्या वयात खोटं बोलतात. आंबे पिकत घातलेत त्या अढीच्या खोलीला आता कुलूप घालते."

आप्पा, आयुष्यभर पोस्टात इमानाने नोकरी केलेला माणूस, मान खाली घालून बसले होते. त्यांनी दर्शनाकडे पाहिलं आणि ओशाळं हसले. ती "येते" एवढंच म्हणून घरी परतली. भात लावला, तो करपला.

मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यातून अनिल जेवायला आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "आधी त्यांना सांग. आत्ताच्या आत्ता जा."

ती गेली. दारातच उभं राहून बोलली, बाटली गोठल्याचंही, ती पदरात वितळवल्याचंही. गोदूबाई ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि मघाशी मी ह्यांना बोलत होते, तेव्हा तू इथेच होतीस."

दर्शना घरी जाऊन ती बाटली घेऊन आली.

एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, असं सांगून डॉक्टरांनी ती बाटली फेकायला लावली. नवी बाटली सुरू झाल्यावर आप्पांची साखर हळूहळू उतरली. रबर आलं, फ्रिज नीट चालू लागला. दर्शना सांगायला गेली, "काकू, आता ठेवा ना बाटली."

"नको गो," गोदूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी पाण्याच्या मडक्यात ठेवायला सांगितलंय. चालतं तसं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दर्शनाला वाटलं. आप्पा झोपाळ्यावरून म्हणाले, "दर्शना, बस की. चहा घे." ती बसली, पण चहा कपातच निवून गेला. आणि आप्पा तिच्याशी नेहमीसारखेच, पाऊस कधी येणार त्याबद्दल बोलत राहिले.