चाकावरचा शर्ट

पाणीखात्यातल्या आमच्या खोलीतल्या संगणकाला आम्ही 'शहाणा' म्हणतो. खरं नाव लांबलचक आहे, ते फक्त साहेब घेतात. शहरभरच्या पाइपांत सेन्सर बसवलेत. कुठे किती दाब आहे ते सेन्सर शहाण्याला कळवतात आणि कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, कुठला बंद करायचा, हे तो स्वतःच ठरवतो. आम्ही पडद्यासमोर बसून बघायचं. गळती बरीच कमी झाली, खोटं कशाला बोलू. पण जो कधी चुकत नाही त्याची मला लहानपणापासून धास्ती वाटते, मग तो वर्गातला हुशार मुलगा असो नाहीतर आमची मोठी काकू.

माझा थोरला भाऊ याच खात्यात, पण जमिनीखाली. मोठ्या पाइपांत उतरून सांधे बुजवणाऱ्या टोळीचा तो मुकादम. त्यांची एक जुनी रीत आहे. व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा, पाइप रिकामा होऊ द्यायचा, आणि उतरण्याआधी मुकादमाने अंगातला शर्ट काढून व्हॉल्व्हच्या चाकावर टांगायचा. शर्ट दिसतोय तोवर त्या चाकाला कोणी बोट लावत नाही, अगदी साहेबांचे साहेब आले तरी. आता त्या जुन्या चाकांनाच मोटरी बसल्यात, आणि उतरण्याआधी मोबाइलवर 'काम चालू' दाबायचं असा नियम आलाय. नियम ऐकून दादा हसला होता. शर्ट टांगला की सगळ्या जगाला कळतं, म्हणाला.

त्या दिवशी बाजाराखालच्या पाइपात उतरणार असल्याचं त्याने सकाळी सांगितलं होतं. दुपारी मी डबा उघडतच होते, तेवढ्यात पडद्यावर बाजाराचा व्हॉल्व्ह हिरवा झाला. हिरवा म्हणजे उघडतोय. हॉस्पिटलची टाकी खाली चालली होती आणि शहाण्याने तिच्यासाठी जवळची वाट शोधली होती. बाजाराखालचा पाइप त्याच्या लेखी नुसता रिकामा होता. 'काम चालू' असं कुठेच नव्हतं.

मी 'थांबवा' दाबलं. शहाण्याने कारण विचारलं. कारण लिहिलं, तर साहेबांच्या अंगठ्याच्या ठशाशिवाय हॉस्पिटलचं पाणी अडवता येणार नाही, असं त्याने अगदी नम्रपणे कळवलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझा चेहरा बघितला आणि साहेबांना बोलवायला धावल्या.

मी दादाला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर उचलला तो नानांनी. नाना टोळीतले सगळ्यांत वयस्क, वर राखणीला थांबणारे. फोन शर्टाच्या खिशात होता, आणि शर्ट चाकावर.

"पोरी, चाक आपोआप फिरतंय गं," नाना म्हणाले. "शर्ट गुंडाळत चाललाय."

मी म्हटलं, मोटरीचा डबा उघडा, आत लाल बटण आहे. डब्याला कुलूप होतं, चावी ऑफिसात. मग आतल्यांना वर बोलवा, म्हटलं. नाना म्हणाले, कधीपासून हाका मारतोय, पण पोरं आत लांबवर गेलीत, आणि आता पाण्यापुढे माझा आवाज पोचत नाही.

एवढा मोठा व्हॉल्व्ह सावकाश उघडतो. ही देवाची कृपा म्हणायची की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण व्हॉल्व्ह किती उघडला तो पडद्यावरचा आकडा चढताना मला बघावा लागत होता. वहिनीच्या दारात उभं राहून मी पहिला शब्द कुठला बोलणार, हेच डोक्यात फिरत होतं.

साहेब आले. त्यांनी आधी हॉस्पिटलची टाकी बघितली. त्यांचीही चूक नाही, तिथेही माणसंच. पाइपात नक्की कोणी आहे का, त्यांनी विचारलं, कारण नोंद तर काहीच नाही.

"माझा भाऊ आहे आत," मी म्हटलं.

पुढे काही न विचारता त्यांनी अंगठा टेकवला. तो घामाने ओला होता, यंत्राने नाकारला. त्यांनी पँटला पुसून पुन्हा टेकवला. आकडा थांबला, मग हळूहळू उतरू लागला. साहेब टँकर मागवायला दुसऱ्या फोनकडे वळले.

माझा फोन चालूच होता. एकेक माणूस वर येईल तसं नाना त्याला हात देत होते आणि मला सांगत होते. वेल्डर आला. त्याचा मदतनीस आला. मुकादम सगळ्यांत शेवटी वर येतो, हे मला ठाऊक होतं, तरी प्रत्येक वेळी मी दादाचीच वाट बघितली. मग नाना काहीच बोलेनात. मी शहाण्याला, दादाला आणि त्या शर्टाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि लगेच हात जोडले.

शेवटी कोणीतरी खूप खोकलं आणि फोनवर दादाचा आवाज आला.

"कोणी सोडलं पाणी?"

आवाजात राग होता. तो ऐकून मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. दादाने आजवर पाण्यापायी कोणाची गय केली नव्हती, आताही त्याला फक्त एक नाव हवं होतं.

"कोणीच नाही, दादा."



"मग उद्या उतरताना सांगायचं कोणाला?" त्याने विचारलं.

मोबाइलवर बटण दाबायचं, हे उत्तर मला पाठ होतं. पण त्याचा आवाज कापत होता. दादाला घाबरलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते उत्तर काही माझ्या तोंडातून निघेना.