पाववाल्याची आई

"उतर, आई. आलो आपण," असं म्हणून पाववाल्याने गाडी बंद केली, तरी आई जागची हलली नाही. तिने आधी काचेतून बाहेर नीट पाहून घेतलं. कचऱ्याचे दोन मोठे डबे, भिंतीला लावून ठेवलेली रिकामी क्रेट, आणि एक लोखंडी दार. दाराच्या फटीतून वाफ येत होती.

"हेच का तुझं सरकारी ऑफिस?"

"हेच."

"सरकारचं काही बरं चाललेलं दिसत नाही," आई म्हणाली आणि पदर सावरून हळूहळू खाली उतरली.

पाववाला म्हणजे काही बेकरीचा मालक नव्हे. तो बेकरीची गाडी चालवायचा. उजाडायच्या आत गाडी भरायची आणि हॉटेलं, शाळा, इस्पितळं, ऑफिसांची कँटीन असं करत दुपारपर्यंत रिकामी करायची, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. पाव नेहमी स्वयंपाकघरात द्यायचा आणि स्वयंपाकघराचं दार नेहमी मागच्या बाजूला. त्यामुळे या शहराची मागची बाजू त्याला तोंडपाठ होती. कुठल्या गल्लीत गाडी उलटी घ्यावी लागते, कुठल्या दाराशी मांजर आडवं बसतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पुढची बाजू मात्र त्याने फारशी कधी पाहिलीच नव्हती.

म्हणून तर आधी एवढा घोळ झाला. आईच्या इथे राहण्याच्या परवान्यासाठी मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा त्यावर ऑफिसचा नवा पत्ता होता. जुनी जागा ऑफिसने सोडली होती. रविवारी नवराबायको दोघं ते शोधायला निघाली. एका मोठ्या काचेच्या इमारतीवरून तीनदा गेली, दोघांना विचारलं, दोघांनी दोन दिशा दाखवल्या, आणि शेवटी भांडत घरी आली. सोमवारी पहाटे तो नेहमीसारखी क्रेट उतरवत होता, तेव्हा त्याची नजर फाटकावरच्या पत्त्याच्या पाटीकडे गेली. इतकी वर्षं ज्या स्वयंपाकघरात तो पाव देत होता, ते त्याच इमारतीचं होतं. बायकोला सांगितलं तर ती हसून हसून दमली. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. आणि लगेच तिने बजावलं, "मी कामावर असेन त्या दिवशी. आईंना पुढच्या दाराने न्या हं. नाहीतर जाल आपले पाव द्यायला."

तो हो म्हणाला होता. पण जित्याची खोड. आज फेरी संपवून आईला गाडीत बसवलं, आणि चाक आपोआप मागच्या गल्लीत वळलं.

लोखंडी दार उघडून आचारी बाहेर आला. त्याने पाववाल्याला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. "आला का पाव?" एवढंच तो रोज विचारायचा. आज पाव सकाळीच येऊन गेला होता, म्हणून तो गोंधळला. पाववाल्याने त्याला इथल्या भाषेत सगळं सांगितलं. मग आचाऱ्याने हात पुसले, आईला खुर्ची दिली, चहा दिला. पाववाल्याच्याही हातात कप आला. तो ओट्याला टेकून प्यायला लागला.

"बस आणि पी," आई म्हणाली.

"झालाच, आई."

"उभ्याने खाल्लेलं-प्यालेलं अंगी लागत नाही. हजारदा सांगितलंय."

तो बसला नाही. बसायला त्याला वेळ कधी असायचा? घरीसुद्धा तो ओट्याशी उभा राहून दोन घास तोंडात टाकायचा. आज तर त्याला मुलाखतीची धास्तीच वाटत होती.

कारण सोपं होतं. वडील गेल्यावर आई मायदेशी घरी एकटी राहत होती. एकदा ती अंगणात घसरून पडली आणि शेजारच्यांना कळायला दुपार उजाडली. तो गेला आणि "चार महिने चल, हवापालट होईल" म्हणून तिला घेऊन आला. तिच्यासाठी मागची खोली रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. चार महिने संपत आले तेव्हा तिच्या कायमच्या राहण्याचा अर्ज भरला आणि "इथे सही कर" म्हणाला. तिने सही केली. तुला इथे राहायचंय का, हे मात्र त्याने तिला विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही. ती नाही म्हणाली असती तर?

आणि नाही म्हणायला तिच्याकडे कारणं भरपूर होती. इथलं पाणी जड आहे. इथली दारं आवाज न करता लागतात, कोण आलं कोण गेलं कळत नाही. समोरची बाई खिडकीतून हात हलवते पण घरात पाऊल टाकत नाही. आठवडाभर त्याने आईची तयारी करून घेतली होती. "साहेबांनी विचारलं तर सांग, इथे बरं वाटतं." त्यावर आई म्हणाली होती, "सरकारपुढे खोटं बोलू?" तो हसला होता, पण त्या रात्री त्याला धड झोप लागली नव्हती.

चहा झाला. पुढच्या दाराला जायचं तर सगळी इमारत ओलांडून वळसा घालावा लागेल, आईचे गुडघे दुखतील, म्हणून आचारी म्हणाला, चला, आतून नेतो. चांगुलपणाच तो. भांड्यांच्या खोलीतून, एका बोळातून, मग एका जड दारातून त्याने दोघांना नेलं, आणि "हे बघा, आलंच" म्हणून तो उलट्या पावली परत गेला.

ते काउंटरपाशीच आले होते. फक्त काउंटरच्या आतल्या बाजूला.

पाववाल्याला हे कळेपर्यंत आई पहिल्या रिकाम्या खुर्चीत बसलीसुद्धा होती. खुर्ची फिरती होती. ती जराशी फिरली, आईने टेबल धरलं आणि ती काचेकडे तोंड करून स्थिर झाली. काचेपलीकडे रांग होती. रांगेतल्या पहिल्या माणसाने क्षणभर आईकडे पाहिलं आणि मग अदबीने आपले कागद काचेखालून आत सरकवले. आईने ते घेतले. वरचा कागद लांब धरून पाहिला, फोटो पाहिला, माणसाकडे पाहिलं आणि ठीक आहे अशी मान हलवली. त्या माणसाचा चेहरा उजळला.

"तुम्ही आत कशा आलात?"

चष्मा लावलेली एक अधिकारीबाई हातात कप घेऊन मागे उभी होती. तिचीच खुर्ची ती.

"मी इथे पाव आणतो," पाववाला म्हणाला. याहून चांगलं उत्तर त्याला सुचलं नाही. अधिकारीबाईने त्याच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, रांगेतल्या त्या माणसाचे कागद आईच्या हातातून हलकेच काढून घेतले आणि दाराकडे बोट केलं. बाहेर जा, पुढच्या दाराने या, टोकन घ्या, नंबर येईल तेव्हा बोलावू.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत त्याने आईला पूर्ण वळसा घालून पुढे नेलं. आई मात्र खुशीत होती. "खुर्ची चांगली होती," ती वाटेत म्हणाली. "पाठीला बरी."

बराच वेळ बसल्यावर नंबर लागला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या खोलीत त्यांना पाठवलं तिथे नेमकी तीच अधिकारीबाई बसली होती. तिच्या शेजारी त्यांची भाषा बोलणारी एक दुभाषी मुलगी होती. पाववाल्याने आईसाठी खुर्ची ओढली आणि आपणही बसणार, तोच अधिकारीबाई म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"पण आईला इथली भाषा येत नाही."

"त्यासाठी ही आहे. उत्तरं त्यांची हवीत, तुमची नकोत."

पाववाल्याने आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच 'जा' म्हटलं, तो लहान असताना शाळेच्या फाटकाशी म्हणायची तसं. तो बाहेर आला. आठवडाभर पढवलेलं सगळं आता तिच्या हातात होतं, आणि ती काय बोलेल हे त्याला अजिबात सांगता आलं नसतं.

बाकावर त्याला बसवेना. तेवढ्यात आठवलं, गाडी मागच्या आवारात उभी आहे, भाजीचा ट्रक येईल. तो खाली गेला, गाडी बाजूला घेतली. मग लक्षात आलं, पहाटेपासून पोटात चहाशिवाय काही नाही. गाडीत एका क्रेटच्या तळाशी एक पाव उरला होता. तो तिथेच गाडीला टेकून त्याने खाल्ला आणि घाईने वर आला.

खोलीचं दार बंदच होतं. त्याच्यामागून आलेली माणसं शेजारच्या खोल्यांमध्ये जाऊन परत गेली, तरी ते उघडेना. एवढं काय बोलत असेल? पाण्याबद्दल? दारांबद्दल? की सरळ म्हणाली असेल, मला घरी पाठवा? म्हणाली असेल तर तिची चूक काय, असंही त्याला वाटलं, आणि त्या विचाराने तो फारच कष्टी झाला.

शेवटी दार उघडलं. दुभाषी मुलगी डोळे पुसत हसत होती. अधिकारीबाई उभी राहून आईला दारापर्यंत सोडायला आली होती.

"काम झालं," ती पाववाल्याला म्हणाली. "कार्ड टपालाने घरी येईल. आणि पुढच्या वेळी पुढच्या दाराने या."

"आई काय म्हणाली?"

"ते त्यांनाच विचारा."

त्याने आईला हात देऊन गाडीत बसवलं. बायकोला फोन करून सांगितलं. तिने पलीकडून आनंदाने काहीतरी म्हटलं आणि पहिला प्रश्न केला, कुठल्या दाराने गेलात? त्याने विषय बदलला.

वाटभर आई दुकानांच्या पाट्या पाहत राहिली. सिग्नलला तिने विचारलं, हा दिवा कोण बदलतो. त्याने सांगितलं, आपोआप बदलतो. मग त्याला राहवेना.

"एवढा वेळ काय चाललं होतं आत?"

"काही नाही. तिनं विचारलं, तुम्हाला इथं राहायचंय का."

"मग?"

"मी म्हटलं, बाई, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. बापानं दिली तिथं गेले. तुझ्या वडलांची बदली होईल तिथं गेले. तू न्यायला आलास, आले. पहिल्यांदाच कुणी विचारतंय, तर जरा विचार करू द्या."

पाववाल्याने नजर रस्त्यावरच ठेवली. त्याचे कान तापले होते.

"भली बाई ती. म्हणाली, करा सावकाश. पाणी दिलं. मी आपली खिडकीशी जाऊन उभी राहिले. खरं सांगू? नाहीच म्हणायचं होतं. वाटलं, आपलं घर आपल्याला पुरे आहे. पडेन तर पडेन. शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता." ती थांबली. "तर खाली तुझी गाडी दिसली. तू टेकून उभा होतास. कोरडा पाव खात होतास, कुणीतरी मागे लागल्यासारखा."

"भूक लागली होती, आई."

"ते कळलं मला. टक्कल पण दिसलं वरून. मला ठाऊकच नव्हतं तुला एवढं टक्कल पडलंय ते." तिने काचेबाहेर पाहिलं. "मग जाऊन तिला सांगितलं, राहते. याला अजून बसून खायला शिकवायचं राहिलंय."

पाववाल्याला एकदम भरून आलं. समोरचं नीट दिसेना, म्हणून त्याने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"आई, तुला खरंच राहायचंय का इथे?"

आईने त्याच्याकडे वळून पाहिलं. ती उत्तर द्यायच्या बेतात होती, पण नुसतीच हसली.

"ते मी सरकारला सांगितलंय. पण तू विचारलंस ते बरं केलंस. चल आता, माझे पाय आखडले."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने लोखंडी दाराशी क्रेट उतरवली. "आला का पाव?" आचाऱ्याने विचारलं आणि मग, काम झालं का, म्हणूनही विचारलं. झालं म्हटल्यावर त्याने पाववाल्याच्या पाठीवर थाप मारली, चहाचा कप आणून दिला आणि तो आत गेला.

पाववाल्याने एक पाव घेतला आणि सवयीप्रमाणे गाडीला टेकला. मग त्याची नजर वर गेली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद होती. आत अंधार होता. ऑफिसात माणसं यायला अजून पुष्कळ अवकाश होता.

त्याने एक रिकामं क्रेट ओढलं, पालथं घातलं, त्यावर नीट बसला, आणि चहात बुडवून बुडवून सावकाश तो पाव खाल्ला.