टेकडीखालची वाळू

"मी आहे तोवर मला या टेकडीवरून खाली उतरवू नकोस रे."

आईचा हा आवाज पस्तीस वर्षांपूर्वीचा. आज अंगणात नमुना काढायला खाणीचं बोअरचं मशीन घरघरू लागलं आणि जिभल्याला तो पुन्हा ऐकू आला.

जिभल्या हे पांढऱ्या मातीच्या खाणीतल्यांनी ठेवलेलं नाव. नमुने गोळा करायचं काम त्याचं. जमिनीतून निघालेलं चिमूटभर जिभेवर ठेवायचं. दाताखाली करकरलं तर वाळू, लोण्यासारखं विरघळलं तर पांढरी माती. त्याची जीभ कधी चुकली नव्हती. माती निघाली तिथली घरं उठली, माणसं खाली वसाहतीत गेली, नळाखाली भांडी घासू लागली. जमीन खरवडून खरवडून चहूकडे दुधट पाण्याची तळी झाली. मधोमध उरली एवढीशी टेकडी, कारण इथल्या नमुन्याच्या पिशव्यांत वाळू निघाली होती. आई पुढच्याच वर्षी गेली. टेकडी राहिली, आणि बायको पायथ्यापासून पाणी वर आणत राहिली.

आत्ताही तिनं दोन बादल्या टेकवल्या आणि गुडघा धरून पायरीवर बसली.

"नीट बघ हो, बाई," ती मशीनवरच्या इंजिनिअर मुलीला म्हणाली. "ह्यांच्या जिभेच्या भरवशावर माझे गुडघे गेले."

"मग आधी त्यांनाच विचारू." मुलीनं ओला गोळा पुढे केला. "आजोबा, प्रयोगशाळेच्या आधी तुमचा निकाल."

"अगं, कवळीला काय कळणार, वाळू की साखर!" जिभल्या म्हणाला.

मग त्यानं पाठ फिरवली, कवळी काढून रुमालात गुंडाळली. चिमूट जिभेवर ठेवली, टाळूला दाबली. खाली तळ्यांवर ऊन पांढरंफेक पडलं होतं.

"विरघळली," तो म्हणाला. बिनदातांचा आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

बायको पायरीवरून उठली. मुलगी सावरत म्हणाली, "तेव्हा चुकलं असेल, आजोबा. इतक्या नमुन्यांत एखादा चुकतोच."

"चुकतं हो माणूस," बायको हळूच म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. "जाऊ दे. मुद्दाम का कुणी करतं? बसा तुम्ही. पाणी देऊ?"

तिनं पेला बादलीत बुडवून त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही.

"जीभ चुकली नव्हती गं," तो म्हणाला. "तेव्हाही अशीच विरघळली होती. पिशव्यांत वाळू मी भरली."