मी, छटाईचा नकली पाट

मी एक जुना पाट आहे, संत्र्यांच्या छटाईचा, म्हणजे लहान-मोठी संत्री वेगळी करण्याचा. आणि मित्रांनो, मी नकली आहे. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तर तोंड लपवायला मला तोंडही नाही.

माझा जन्म १९८४ सालचा, सौसरच्या केशवरावांच्या संत्रा-बागेतला. दोन गुळगुळीत दांड्या, वरच्या टोकाला जवळजवळ, खाली फाकत गेलेल्या. वरून संत्री सोडली की बारकी आधी गळत आणि मोठी घरंगळत पुढच्या टोपल्यात पडत. एकदा एक संत्रं असं घरंगळलं की लोधीखेड्याच्या बाजारातच थांबलं म्हणतात. लोक वाखाणत, तेव्हा केशवराव मिशीला पीळ देत म्हणत, "डोकं लागते बावा!"

डोकं लागलंच होतं. पण ते पांढुर्ण्याच्या यमुनाबाईचं. रोजाने छटाई करणाऱ्या या बाईला पाट सुचला होता. आमच्याकडे नव्या अवजाराला दसऱ्याचं हळदकुंकू लागल्याशिवाय कामाला जुंपत नाहीत. तिनेही पाट ओट्यावर मांडून पुजला आणि साऱ्या आळीला चालवून दाखवला. केशवराव तिथे पाहुणे होते. येताना डोळ्यांत माप भरून आले, आणि मी झालो.

पुढच्या हंगामात यमुनाबाई नेमकी आमच्याच बागेत छटाईला आली. केशवराव तिलाच शिकवू लागले, "हे पाह्य बाई, संत्रं असं हळूच सोडाचं."

"असं का जी?" एवढंच ती म्हणाली. लाकूड लाल होत असतं, तर त्या दिवशी मी गाजर झालो असतो.

तेवढ्यात नागपूरचे वकील आले. केशवरावांना माझं पेटंट हवं होतं.

"पेटंट म्हणजे काय जी?" यमुनाबाईने विचारलं.

"नव्या शोधाची राखण," वकील म्हणाले. "आपली युक्ती सरकारकडे उघड लिहून द्यायची. त्या बदल्यात चौदा वर्षं ती दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. आपल्याकडे १८५६ पासून असा कायदा आहे."

"म्हंजे माह्या घरचा पाट मले चालवता येनार नाही?"

वकिलांनी केशवरावांकडे पाहिलं. "खरे आणि पहिले शोधक तुम्हीच ना? हा पाट आधी कुठे लोकांसमोर चालला नव्हता ना?"

केशवराव संत्री मोजू लागले.

"चालला ना," यमुनाबाई म्हणाली. "दसऱ्याले, माह्या ओट्यावर. हे भाऊजी होते ना तिथं. दोनदा चिवडा मांगून खाल्ला."

छटाईला बसलेल्या बाकीच्या बाया फिसकन हसल्या. वकिलांनी पेनचं टोपण लावलं. "मग हा शोध नवा राहिला नाही. पेटंट कुणालाच मिळणार नाही. बाई, तुम्हालासुद्धा. पूजेच्या आधी अर्ज केला असता, तर हक्क तुमचा होता."

यमुनाबाई टोपलं माझ्याकडे ओढून म्हणाली, "जाऊ द्या. माहा पाट त चालन. पन भाऊजी, इचारलं असतं त मीच माप देल्लं असतं ना."

केशवरावांची मान खाली गेली. माझी तर आधीच उतरती होती.

मित्रांनो, नवं काही सुचलं तर जगाला दाखवण्याआधी अर्ज करा. आणि दुसऱ्याचं काही आवडलं, तर माप डोळ्यांत भरून पळू नका. दारातच थांबून विचारा. माझ्यासारखा जन्म कुठल्याही लाकडाच्या वाट्याला येऊ देऊ नका.