पहिल्या बसचं गाव

आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आम्ही रस्त्यावर आलो. आमंत्रण मात्र आग्रहाचं होतं. आम्ही गेलो, पोटभर जेवलो, आणि निघताना घरमालकाने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "नव्या जोडप्याला तुमच्या खोल्या लागतील हो. पुढच्या महिन्याच्या आत काय ते बघा." इतक्या प्रेमाने कुणाला हाकललेलं मी नंतरच्या एवढ्या आयुष्यात पाहिलं नाही.

त्या दोन खोल्या कापडगिरणीच्या मागच्याच गल्लीत होत्या. आम्ही दोघंही विणकर, एकाच खात्यात, सकाळपाळीला. भोंगा वाजायला लागला की मी हातातली बशी विसळायचे, आणि तो थांबायच्या आत मागासमोर उभी असायचे. आता शहरात आमच्या ऐपतीत कोंबड्यांचं खुराडंही मिळत नव्हतं. म्हणून बाहेरचं एखादं गाव शोधायचं ठरलं. आम्ही दोघं, दोन मुली आणि सासूबाई मावतील असं घर हवं, ते परवडायला हवं, आणि तिथून रोज गिरणीत जाता-येता यायला हवं. ह्यातलं काहीही दोन मिळत होतं. तिसरं मागितलं की दलाल चष्मा काढून पुसायला लागायचे.

सासूबाईंनी गाव आधीच ठरवून टाकलं होतं. त्यांचे भाऊ, म्हणजे ह्यांचे मामा, पार लांब राहायचे. मामा परसात कोबी लावायचे आणि बोलायचेही कोबीबद्दलच. आम्ही त्यांना कोबीमामा म्हणायचो, अर्थात मागून. त्यांच्या शेजारचं अख्खं घर, पुढे अंगण, मागे परस, आम्हाला सहज परवडत होतं. अडचण एकच. तिथली पहिली बस शहरात पोचेपर्यंत गिरणीचं फाटक बंद झालेलं असायचं. हे दुपारपाळी मागून घेऊ शकत होते. बायकांना दुपारपाळी नव्हती.

"मग त्यात काय एवढं," सासूबाई म्हणाल्या. "हिने घरी बसावं. मुली आहेत, मी आहे."

मुलींबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

मला माझा माग सोडायचा नव्हता. कामावरच्या निष्ठेने वगैरे म्हणाले तर सासूबाई जिथे असतील तिथून हसतील. मला त्या मागासमोर उभं राहायला आवडायचं, बस्स. कापड इंच इंच पुढे सरकताना दिसायचं. ते मी केलेलं असायचं आणि त्यात मीठ कमी आहे असं कुणी म्हणायचं नाही. एकदा सोडलेला माग परत मिळत नसे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी जॉबरने मला गाठलं. आमच्या खात्याचा मुकादम तो, पोटाने दारातून आधी आत येणारा. "जाणार आहेस असं ऐकतोय," तो म्हणाला. "सोमवारी पक्कं सांग. माझ्याकडे रांग लागलीय. आणि बायकांचं काय, आज ना उद्या जायच्याच असतात." 

म्हणजे माझ्या हातात एक रविवार होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागखात्यात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. शेकडो माग एकदम चालू असतात. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी फक्त थुंकी पोचते. म्हणून विणकर ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, तोंड मोठं करून एकेक शब्द नीट घडवायचा, आणि समोरच्याने तो वाचायचा. खात्याच्या एका टोकाला कुणाचं भांडण झालं की दुसऱ्या टोकाला आम्ही ते चवीने वाचत असू. ह्यांनी मला मागणी घातली तीसुद्धा अशीच, चार माग पलीकडून. माझ्या शेजारणीने ती माझ्याआधी वाचली आणि माझ्याआधी "हो म्हण" म्हणाली.

ही ओठबोली आम्ही घरीही वापरायचो. दोन खोल्यांत सासू-सुना राहत असतील तर नवरा-बायकोला दुसरा मार्ग काय? मोठ्याने मी त्यांना "अहो" म्हणायचे, ओठांत "अरे". सासूबाईंना ह्यातलं अक्षर कळायचं नाही आणि त्यांचा जळफळाट व्हायचा. "सुरू झालं तुमचं माशांसारखं!" त्या म्हणायच्या. "ह्या घरात मी काही बोलले तर कुणी ऐकत नाही. ह्याचे कान मागाने नेलेत, आणि हिचे शाबूत आहेत तर ही नेलेत असं दाखवते."

शेवटचं वाक्य खरं होतं.

रविवारी मुलींना शेजारी ठेवून आम्ही तिघं एक घर बघायला निघालो. ज्या गावाला जात होतो त्याची चौकशी मी आधीच बसच्या कंडक्टरकडे केली होती. गाव शहर आणि कोबी यांच्या अगदी मधोमध. तिथून सुटणारी पहिली बस भोंग्याच्या आधी गिरणीच्या कोपऱ्यावर माणसं उतरवायची. हे मी घरी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना मला काय हवंय ते कळलं असतं तर त्या बसमध्ये चढल्याच नसत्या.

गाव कसं होतं म्हणाल, तर गावासारखं होतं. एक मोठा रस्ता, त्यावर एक औषधाचं दुकान, एक सायकलीचं दुकान, आणि दोघांच्या मध्ये एक कुत्रं आडवं. घर गल्लीच्या टोकाला. खाली घरमालकीण राहायची आणि वरच्या तीन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. दार तिने स्वतः उघडलं. धिप्पाड म्हातारी, डोक्यावर काळेभोर दाट केस, इतके काळे की खाली सुरकुतलेला चेहरा कुणी दुसऱ्याचा आणून लावलाय असं वाटावं. आम्ही बोलत असताना ती एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आवाज घणाघाती.

"वर या!" ती गरजली. "जिन्याचा कठडा हलतो! धरू नका!"

वरच्या खोल्यांत उजेड भरपूर होता. पुढच्या खोलीला रुंद खिडकी, स्वयंपाकघरात ओटा माझ्या कमरेच्या बरोबर उंचीचा, मागे एक छोटी खोली. एका कोपऱ्यात थोडी ओल. मी मनात मुलींच्या खाटा लावून मोकळी झाले. म्हातारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. सासूबाई फडताळं उघडून आत डोकं घालत होत्या. आम्ही दोघांनी नेहमीप्रमाणे ओठ सुरू केले.

"कशी बस आहे?" हे म्हणाले.

"वेळेत पोचते. ऐक, ती मागेल ते भाडं देऊ, पण तिला कळू देऊ नकोस. तू तोंड वाकडं कर."

"ओल दाखवू का?"

"दाखव. गिरणी लांब पडते म्हण. मामांचं घर मोठंय म्हण."

"आणि आईला कुठे झोपवायचं?"

"मागच्या खोलीत. दार जाड आहे, मी ठोकून पाहिलंय. घोरणं बाहेर येणार नाही."

ह्यांना हसू आलं. त्यांनी खिडकीकडे मान केली. "आणि हिचे केस बघितलेस का?"

"घोड्याचे असतील रे. आणि घोडा आता थंडीने मेला असेल."

"हळू बोल."

"मी बोलतेय कुठे?"

मग हे खाकरले, ओलीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "घर तसं ठीक आहे हो, पण ही ओल, आणि गिरणीही जरा लांबच पडते. शिवाय आमच्या मामांच्या शेजारी..."

म्हातारी खुर्चीतून उठली. सावकाश चालत माझ्यासमोर आली, थेट तोंडासमोर तोंड, आणि जराही आवाज न करता, ओठ मागखात्यातल्यासारखे मोठे करून म्हणाली:

"केस माझे आहेत. रंग विकतचा आहे."

हे ओलीच्या भिंतीला टेकले आणि लगेच सरळ झाले, कारण सदरा भिजला.

"जन्म मागावर गेला माझा," ती ओठांनीच पुढे म्हणाली. "तुमच्या गिरणीत नाही, नदीपलीकडच्या. कान तिथेच ठेवून आले. डोळे मात्र चांगले आहेत, मुली."

"बाई, माफ करा," मी म्हणाले. तेही ओठांनीच.

"माफ कसलं? घोड्याचं छान होतं. आता भाड्याचं बोलू. मी सांगेन ते. ओल तुम्ही भरून घ्याल, कठडाही तुम्हीच नीट कराल. नाहीतर मागच्या खोलीच्या जाड दाराचं तुझ्या सासूला मी सांगते. आणि तू नवऱ्याला अरे-तुरे करतेस, तेही."

फडताळातून सासूबाईंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हिलाही लागण झाली?"

मी ह्यांच्याकडे बघून मान हलवली. भाडं कबूल, ओल कबूल, कठडा कबूल. पण आमच्या कबुलीला अर्थ नव्हता. आमच्या घरात शेवटचा शब्द सासूबाईंचा असायचा, आणि पुष्कळदा मधलेही. त्यांनी पदराने हात झटकले आणि सुरुवात केली.

"मला नाही पसंत. जिना उभा आहे, माझे गुडघे बघा. अंगण नाही. माझ्या भावाच्या शेजारी एवढं मोठं घर मोकळं पडलंय, तिथे सगळं जमिनीवर. आणि ही आमची सून, हिला गिरणी सोडायची नाही म्हणून हा सगळा खटाटोप, मला काय कळत नाही का? मला सगळं कळतं. मी बोलत नाही."

त्या बोलतच होत्या. माझा माग मला दिसायला लागला, आणि त्याच्यासमोर उभी राहिलेली दुसरी कुणीतरी.

म्हातारी वळली. सासूबाईंच्या समोर खुर्ची ओढून बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. ती दुसरं करणार काय? तिला ऐकायचं म्हणजे बघावंच लागत होतं. सासूबाई गुडघ्यांवरून भावावर गेल्या. म्हातारीची नजर हलली नाही. भावावरून भावजयीवर गेल्या. भावजयीने एकदा सासूबाईंना शिळं वाढलं होतं, ती कहाणी आमच्या घरात सुरू झाली की मुलीसुद्धा उठून जायच्या. म्हातारी पुढे वाकली.

"शिळं?" ती गरजली. "तुम्हाला?"

सासूबाई थांबल्या. मला वाटतं, त्यांना कुणी त्या कहाणीत प्रश्न विचारल्याची ती पहिलीच खेप असावी.

"हो ना!" त्या म्हणाल्या. "आणि वर हसत होती!"

"हसत होती!" म्हातारीने मांडीवर थाप मारली.

सासूबाई खाली बसल्या. मग त्यांच्या तोंडून सगळं बाहेर पडायला लागलं: बाळंतपणं, सासऱ्यांचा खोकला, हरवलेलं एक कानातलं, माझे दोष. माझे दोष बराच वेळ चालले. म्हातारी पापणी न लववता एकेक दोष वाचत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. ओटा खरंच बरोबर उंचीचा होता.

शेवटी सासूबाईंनी मला हाक मारली आणि बाजूला घेतलं.

"बाई सज्जन आहे," त्या कुजबुजल्या. "किती लक्ष देऊन ऐकते गं! नजर म्हणून काढत नाही तोंडावरून. तुम्ही शिका जरा."

"पण जिना उभा आहे ना," मी म्हणाले. जीभ चावून घ्यावी असं वाटलं, पण मला तेव्हा खात्री करून घ्यायची होती.

"उभा आहे तर आहे. मी रोज खाली जाऊन बसेन हिच्याकडे. एकदा उतरायचं, एकदा चढायचं."

"आणि मामा?"

"त्याच्या गावात माझं ऐकणार कोण? कोबी?"

हे तेवढ्यात आत आले. त्यांना पुरेसं ऐकू येत नसे, पण आईचा चेहरा वाचता येत असे. ते माझ्याकडे बघून ओठ हलवणार, एवढ्यात दारात म्हातारी उभी दिसली. त्यांनी तोंड मिटलं आणि पुष्कळ वर्षांनी घरातली गोष्ट मला मोठ्याने, स्पष्ट शब्दांत विचारली, "घ्यायचं का मग?"

"घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि ती मागची खोली मला द्या. दार जाड दिसतंय. तुम्हा दोघांची कटकट ऐकू येणार नाही."

म्हातारी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

सोमवारी मी मागासमोर होते. धोटा इकडून तिकडे धावत होता, सगळं खातं दणाणत होतं. जॉबर पोट पुढे करून आला आणि समोर उभा राहिला.

"काय ठरलं?" त्याने ओठांनी विचारलं. "जाणार ना?"

"गाव बदललं," मी म्हणाले. "माग नाही."

त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा बायकांबद्दल काहीतरी सुरू केलं. मी तुटलेला धागा जोडून घेतला. मग मान वळवून दोन्ही बाजूंना कोण कोण वाचतंय ते पाहिलं. खात्यातल्या निम्म्या बायका माग सांभाळत माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. बरंच झालं, मी मनात म्हणाले, आणि तोंड चांगलं मोठं करून त्याच्याबद्दल मनात साठलेलं उरलेलंही त्याला सांगून टाकलं.