मंजुळाबाईंच्या कण्हेरीवरची चांदी

मंजुळाबाईंच्या तोंडी लागायची कुरुळीत कुणाची छाती नव्हती. शेतं कंपन्यांत गेली, पण दारची कण्हेर राहिली, आणि तिच्यासोबत घराण्याचा मानही. नवरात्रात गावदेवीच्या घटावरची नववी माळ ह्याच कण्हेरीची. बाईंना त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

आठव्या माळेला सकाळी त्या फुलं बघायला गेल्या अन् थबकल्या. पानं कुरतडलेली, आणि पानांखाली चकचकीत चांदीचे थेंब लटकलेले. शेजारी ज्ञानदेवचं रंगकामाचं वर्कशॉप. झालं! बाईंचा पारा चढला. रंगाचे शिंतोडे उडालेली फुलं देवीला चालतील होय? पिढ्यान्‌पिढ्यांचा मान ह्या मेल्याच्या फवाऱ्यापायी जायचा!

फांदी मोडून त्या तडक वर्कशॉपच्या दारात गेल्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. ज्ञानदेव लातूरकडचा, गरीब माणूस. खंडेनवमीसाठी मशीन धुऊन ठेवलंय, काम बंद आहे, असं हात जोडून सांगत होता. बाई ऐकतायत कुठल्या? पुरावा म्हणून त्यांनी एक काळपटलेला थेंब त्याच्या नाकासमोर धरला.

तो थेंबच उलला. आतून चुरगळलेलं, ओलं काहीतरी बाहेर आलं, टरफलाला लोंबकळलं आणि हळूहळू पंख पसरू लागलं. तपकिरी फुलपाखरू, काठाला पांढरे ठिपके. बाईंचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा आपोआप मिटलं.

"मावशी," ज्ञानदेव म्हणाला, "असलं पॉलिश आपल्याच्यानं बापजन्मी होणार नाही."

शरमायचं सोडून बाई फुलून गेल्या. कण्हेरीचा चीक विषारी, शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि ही फुलपाखराची पोरं पानं कुरतडून तोच पचवून मोठी झाली! कुणाच्या कण्हेरीवर? मंजुळाबाईंच्या! मोडलेली फांदी त्यांनी ज्ञानदेवकडून तार घेऊन झाडाला परत बांधली, आणि गल्लीतल्या प्रत्येकीला ओढून आणून चांदी दाखवली.

दुसऱ्या दिवशी फुलं तोडताना मात्र त्यांचा हात आखडला. जिथं जिथं चांदी लटकलेली, त्या फांद्या त्यांनी हलवल्याच नाहीत. माळ घटाच्या निम्म्यावरच पोचली. देवळातले पंच सोपानराव सगळ्यांदेखत म्हणाले, वहिनी, जमत नव्हतं तर मान सोडायचा, आम्ही झेंडू आणला असता.

सारं देऊळ बाईंच्या तोंडाकडे बघू लागलं. बाई आवाज न चढवता बोलल्या.

"बाकीच्या फुलांखाली लेकरं निजल्यात, सोपानराव. ती उडू द्या, मग आणते. आन् घाई आसंल तर ती आईला आसंल. तिला इचारा, चालंल का न्हाई."

सोपानरावांनी मूर्तीकडे पाहिलं. मग ती तोकडी माळ त्यांनी स्वतःच्या हातानं घटावर बांधली.